घोडीचा ढाळ

यज्ञेश्वर टिपणीसांनी तंबोऱ्याची घोडी काचेवर पालथी ठेवली, दोन बोटांनी हलकेच दाबून एकदा पुढे, एकदा मागे सरकवली आणि उचलून खिडकीच्या उजेडात धरली. काचेवर त्यांनी निळ्या शाईचा अगदी पातळ हात फिरवलेला होता. घोडीचा माथा खरोखर सपाट असता, तर शाई त्याला सगळीकडे सारखी लागायला हवी होती. ती लागली होती फक्त मधल्या अरुंद पट्ट्याला. पुढची कड कोरडी होती, मागचीही कोरडी.

"झिजली आहे," ते रिकाम्या घराला उद्देशून म्हणाले.

घोडी म्हणजे भोपळ्याच्या वरच्या लाकडी तबलीवर बसवलेला शिंगाचा लहानसा पाट. तंबोऱ्याच्या चारही तारा त्याच्यावरून जातात. हा तंबोरा सुनीतीचा, लग्नाआधीपासूनचा. इतक्या वर्षांच्या संसारात यज्ञेश्वरांनी त्याला उचलण्या-ठेवण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता. आता मात्र निमित्त होते. येत्या रविवारी कसबा पेठेतल्या गायन मंडळात सुनीती गाणार होती. पुण्याला राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. मागच्या आठवड्यात भाजी निवडता निवडता ती स्वतःशीच म्हणाली होती, की खर्जाची तार हल्ली बद्द बोलते. मग जुन्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नासाठी ती मुलुंडला गेली आणि घर मोकळे मिळाले. ती परत येण्याच्या आत तंबोरा नीट करून ठेवायचा, असे यज्ञेश्वरांनी ठरवले आणि ठरवल्याप्रमाणे तारा सैल करून घोडी मोकळी केली.

ठाण्याच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षी त्यांना एकच काम दिले गेले होते. लोखंडाचा तुकडा निळ्या शाईवर टेकवायचा, जिथे शाई लागेल तो उंचवटा खरवडायचा, पुन्हा टेकवायचा. असे सगळीकडे शाई लागेपर्यंत. त्या वर्षापासून सपाटपणा हा त्यांच्या लेखी जवळजवळ सद्गुण झाला होता. चालत्या यंत्रातून भुणभुण ऐकू आली की कुठेतरी काहीतरी सैल आहे, हेही त्यांच्या कानाला तिथेच शिकवले गेले होते. आणि सुनीतीच्या तंबोऱ्यातून ती भुणभुण लग्नापासून येत होती. बायकोच्या वस्तूला नावे ठेवू नयेत म्हणून ते आजवर बोलले नव्हते, इतकेच.

त्यांनी बारीक पॉलिश पेपर काचेवर पसरला आणि घोडी घासायला घेतली.

खिडकीबाहेर उसाचे एक शेत अजून शिल्लक होते. दोघे पुण्याच्या कडेला मांजरीत राहायला आले तेव्हा अशी बरीच होती. आता बाकीच्या जागांवर इमारतींचे सांगाडे उभे होते आणि वारा सुटला की त्यांची धूळ थेट दिवाणखान्यात येई. पहिल्याच हिवाळ्यात त्या धुळीने सुनीतीला खोकला जडला होता. होळीपर्यंत तो हटला नाही. नंतर तो गेला आणि यज्ञेश्वरांच्या हिशेबी विषय संपला.

मुंबई सोडण्याची कल्पना त्यांचीच. "मुंबईत गाणं ऐकायला वेळ कुणाला आहे?" निवृत्तीनंतर ते भेटेल त्याला सांगत. "पुणं लहान गाव, पण तिथं माणसं मांडी घालून बसतात. हिचा गळा असा फुकट जाऊ द्यायचा नाही." सुनीती म्हणाली होती, "बघू या." यज्ञेश्वरांनी बघितले, मुलुंडचे घर विकले आणि पेठांमधली घरे आवाक्याबाहेरची निघाल्यावर मांजरीत घर घेतले. गाणे होते कसब्यात, घर मिळाले मांजरीत, आणि मधे अख्खे हडपसर. तरीही दर रविवारी दोघे जात. रिक्षा, बस, पुन्हा पायी गल्ल्या. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या माडीवर मंडळाची सतरंजी अंथरलेली असे.

मंडळाची एक रीत होती. नव्या सभासदाने आधी गाणाऱ्यांच्या मागे बसून तंबोऱ्याची साथ करायची. गाण्याची पाळी मग केव्हातरी. सुनीती मागे बसली ती तीन वर्षे मागेच बसली. तिच्यानंतर आलेले लोक पुढे जाऊन गाऊन आले. यज्ञेश्वर शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून हे पाहत आणि त्यांच्या मनात पुणेकरांविषयी एक जुना मुंबईकर कढ दाटून येई. अखेर दिवाळीनंतर त्यांनी सुनीतीच्या नकळत मंडळाच्या चिटणीस पूर्णिमाताईंना फोन केला.

"टिपणीसबाईंची पाळी यायची काही शक्यता?"

"त्यांनी सांगावं की लगेच. आम्ही काय त्यांना दोरीनं बांधून ठेवलंय?"

हा खास पुणेरी फटकारा आहे, असे समजून यज्ञेश्वरांनी तो गिळला आणि रविवार पक्का करून घेतला. सुनीतीला सांगितले तेव्हा तिचा विळीवरचा हात काही वेळ तसाच राहिला होता.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला फोन करायला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मला दिसत नाही का?"

तिने हातातली भाजी चिरून संपवली. मग म्हणाली, "बरं. मुलतानी गाईन."

तिसऱ्या दिवशी उन्हे कलताना घोडी पुन्हा शाईवर टेकली. या वेळी निळा रंग या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग उमटला. यज्ञेश्वरांनी ती पुसली, जागेवर बसवली, तारा ओढल्या, खुंट्या पिळल्या आणि बोट फिरवले. भुणभुण गेली होती. प्रत्येक तार एकदा वाजे आणि थांबे. कामाचा एवढा निखळ आनंद त्यांना निवृत्त झाल्यापासून झाला नव्हता.

सुनीती गुरुवारी आली. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी तिला तंबोऱ्यापाशी नेले. तिने आधी घोडीकडे पाहिले, मग वाकून अंगठ्याने तिच्या माथ्यावरून हात फिरवला, आणि उभ्या उभ्याच चार तारा छेडल्या.

तिचे बोट शेवटच्या तारेवर थांबून राहिले.

"कसा आहे आवाज?" यज्ञेश्वरांनी विचारले.

"स्वच्छ झालाय," सुनीती म्हणाली. "फार मेहनत घेतलीत."

"तीन संध्याकाळी."

"दिसतंय ना." तिने गवसणी चढवली आणि नाड्या बांधल्या. "लग्न छान झालं. चकल्या दिल्यात तुमच्यासाठी."

शुक्रवारी आणि शनिवारी तिने तंबोरा काढला नाही. गाण्याच्या आधी गळ्याला विश्रांती द्यायची असते, असे ती म्हणाली. ज्येष्ठमधाची कांडी मात्र तिच्या तोंडात सतत होती.

रविवारी माडी भरलेली होती. बाहेर ढगाळ, आत ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड. कुणाच्या तरी स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मंडळात विजेच्या पेटीतला तंबोरा चालत नसे. गाणाऱ्याने आपला तंबोरा आणावा, असा दंडक होता. सुनीती पुढे जाऊन बसली, गवसणी काढली आणि तारा लावू लागली. बराच वेळ लावत राहिली. तबलजी हातोडी हातात धरून तिच्याकडे पाहत होता.

पूर्णिमाताई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या; गुडघ्यांमुळे तेवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली होती. त्यांनी चष्मा खाली केला.

"टिपणीसबाई, तुमच्या तंबोऱ्यानं मौन धरलंय का?"

"यांनी घोडी घासली," सुनीती शांतपणे म्हणाली. "सपाट केली."

माडीवरच्या सगळ्या माना मागे, भिंतीकडे वळल्या.

"इंजिनिअर का?" कुणीतरी विचारले.

"हो," यज्ञेश्वर म्हणाले.

"तरीच."

"उद्या गळाही पॉलिश करून देतील."

हशा पिकला. पूर्णिमाताई हसल्या नाहीत. वर्गात मागे बसलेल्या मुलाला सांगावे तसे त्या म्हणाल्या, "अहो, मोरीला ढाळ असतो ना, तसा घोडीलाही असतो. डोळ्यांना दिसत नाही इतका. तार त्या ढाळावर घासत जाते, म्हणून तंबोरा बोलतो. त्याला जवारी म्हणतात. ती तुम्ही काढून टाकलीत."

यज्ञेश्वरांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे नोकरीत असताना मोजपट्टी असे. खिसा रिकामा होता.

मंडळाचा एक जुना तंबोरा कोपऱ्यात होता, पण तो पुरुषांच्या पट्टीत लावलेला. तेवढा चढवायचा तर तारा तुटल्या असत्या. "असू दे," सुनीती म्हणाली, "याच्यावरच गाते," आणि तिने मंद्रातला निषाद लावला.

खालच्या सुरांत ती सावकाश फिरली. तिथे तिचा आवाज अजून तसाच होता, मुलुंडच्या घरी संध्याकाळी दिवा लावताना असायचा तसा, दाट आणि किंचित खरबरीत. दोघातिघांनी मान हलवली. पण सूर संपला की मागे काहीच उरत नसे. तारा ठक ठक वाजून गप्प होत आणि त्या पोकळीत पंख्याची घरघर ऐकू येई. मग अंतरा आला. ओळ चढत निषादापर्यंत गेली. माडीवरच्या प्रत्येकाला पुढचा, वरचा षड्ज ठाऊक होता. तबलजीचे बोटही त्यासाठी उचलले गेले होते. सुनीती निषादावर थांबली, तिने तंबोऱ्याकडे एकदा पाहिले, आणि ओळ वळवून ती पंचमावर उतरली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तिने अंतरा घेतलाच नाही. स्थायीवर येऊन तिने गाणे मिटवले आणि हात जोडले.

टाळ्या नीट वाजल्या. उठता उठता लोक तिच्याभोवती जमले.

"साथच नाही तर गळ्यानं काय करायचं?"

"षड्जाला आधार नको? तो द्यायचा तंबोऱ्यानं."

"तरी धीर मोठा तुमचा."

सुनीती सगळ्यांना "हो ना" म्हणत होती. यज्ञेश्वर चपलांपाशी तंबोरा धरून उभे होते आणि जाणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे पाहून मग पायऱ्या उतरत होता. परतीच्या वाटेवर हडपसरच्या पुलावर ते म्हणाले, "माझं चुकलं."

सुनीती खिडकीबाहेर पाहत होती. "मुद्दाम थोडंच केलंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच तंबोरा घेऊन पुन्हा कसब्यात गेले. तंबोरे दुरुस्त करणाऱ्या जयसिंगचे दुकान तांबट आळीपासून जवळ होते. तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज तिथवर येई. जयसिंगचे वडील मिरजेहून मोठ्या गावात गिऱ्हाईक मिळेल म्हणून पुण्याला आले होते, आणि यज्ञेश्वर मुंबईहून लहान गावात गाणे मिळेल म्हणून; पहिल्या भेटीत यावर दोघे हसले होते. सुनीतीच्या तारा नेहमी त्याच्याकडूनच येत.

जयसिंगने घोडी काढून डोळ्यासमोर आडवी धरली.

"शिंग भरपूर आहे साहेब. ढाळ पुन्हा काढता येईल. संध्याकाळी न्या."

"एवढ्यात होईल?"

"न व्हायला काय झालं? मी बाईंनाही तेच सांगितलं होतं."

"कधी?"

"शुक्रवारी त्यांचा फोन आला होता ना. मी म्हटलं, शनिवारी सकाळी आणा, दुपारी घेऊन जा. रविवारी बिनघोर गा." त्याने कानस शोधायला खण उघडला. "त्या म्हणाल्या, नको, रविवार होऊन जाऊ दे."

"असं म्हणाली?"

"मलाही नवलच वाटलं. लोक गाण्याआधी धावत येतात. गाणं झाल्यावर कोण येतंय?"

यज्ञेश्वर स्टुलावर बसले. आळीत कुणीतरी एकाच लयीत तांबे ठोकत होते. शुक्रवारी संध्याकाळी ते फिरायला गेले होते. ते फिरायला गेले की सुनीती रियाज करी, आणि ते दार उघडून आत आले की तो संपलेला असे. गेली दोन वर्षे असेच होते. त्यांना वाटे, बाईमाणसाची सवय. होळीपर्यंत न हटलेला खोकला त्यांना आठवला. विळीवर थांबलेला हात आठवला, आणि पूर्णिमाताईंचे फोनवरचे वाक्य, जे त्यांनी फटकारा समजून गिळले होते. ते वाक्य साधे होते. त्यांनी सांगावं की लगेच. तीन वर्षांत तिने सांगितले नव्हते. कुणी तिला मागे बसवले नव्हते.

घर विकून ज्या गळ्यासाठी इथवर आले, त्याचा वरचा सूर पहिल्याच हिवाळ्यात गेला होता. हे ती त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होती?

जयसिंगने घोडी पकडीत धरली आणि कानस टेकवली.

"राहू द्या," यज्ञेश्वर म्हणाले.

"काय?"

"नका करू. तशीच बसवून द्या."

"अहो साहेब, अशी ती बोलणार नाही."

"माहीत आहे."

जयसिंगने त्यांच्याकडे पाहिले, मग तंबोऱ्याकडे. त्याने कानस खणात ठेवली आणि घोडी होती तशी तारांखाली बसवून दिली.

घरी सुनीती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. दारात तंबोरा पाहून ती आत आली.

"दिला नाहीत दुरुस्तीला?"

"नेला होता. जयसिंग म्हणाला, शिंग फार उतरलंय. आता होणं कठीण."

सुनीतीच्या हातात घडी करायची चादर होती. तिची दोन टोके धरून ती तशीच उभी राहिली.

"असं म्हणाला?"

"हो."

खालून सिमेंटच्या गाडीचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. यज्ञेश्वरांनी पुढे होऊन चादरीची दुसरी दोन टोके धरली. दोघांनी घडी घातली, जवळ आले, टोके जुळवली. तिने त्यांच्या हातातून टोके घेताना वर पाहिले नाही.

"मंडळात विचारतील," ती म्हणाली.

"सांग, यांनी घालवला."

"तुम्हाला बोलतील."

"बोलू देत."

तिने चादर कपाटात ठेवली. मग तंबोरा उचलून तो खोलीच्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, भिंतीला नीट टेकवला. गवसणीच्या नाड्या सुटल्या होत्या. त्या तिने एकेक करून बांधल्या, शेवटची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे गेले. माडीवर एक निवृत्त प्राध्यापक गायला बसत होते आणि सुनीती त्यांच्या मागे, त्यांचा तंबोरा मांडीवर घेऊन. यज्ञेश्वर भिंतीला टेकले. पूर्णिमाताईंनी खुर्चीतून अर्धे वळून त्यांना शोधले.

"काय टिपणीस, तंबोरा कधी येणार? बाईंची मुलतानी अर्धीच राहिलीय."

"वेळ लागेल," यज्ञेश्वर म्हणाले. "माझ्या हातून जरा जास्तच घासलं गेलं."

"मग आता अजून किती घासायचं शिल्लक आहे?"

सतरंजीवर हशा पसरला. एकाने मागे वळून त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

"आहे थोडं," ते म्हणाले.

पुढे तंबोरा चालू होता, भुणभुणत, एका तारेचा नाद दुसरीत मिसळत. सुनीतीची पाठ त्यांच्याकडे होती. तिचे बोट खर्जाच्या तारेवर क्षणभर थांबले. मग ती मागे न पाहता पुन्हा पंचमापासून छेडू लागली.